प्रेसवरच्या माणसाची बातमी

महाळुंग्यात आमच्या कंपनीसमोरच्या हॉटेलात तो पहिली शिफ्ट सुटली की चहाला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, म्हणून कप डाव्या हातात धरून तो टीव्हीवरच्या बातम्या बघत बसायचा.

एकदा त्याच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली एका बाईचा पंजा गेला. एका वाहिनीची गाडी आली, पण बोलायला कुणी धजेना. शेवटी हाच पुढं झाला. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर काम भरभर उरकावं म्हणून मुद्दाम बंद ठेवतात, हे त्यानं आपला हात कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात आला. पडद्यावर चार माणसं कुणाच्या तरी मिरवणुकीवरून एकमेकांवर ओरडत होती. तासाभरात बाईची बातमी आलीच नाही. उलट त्या ओरड्यावरून शेजारच्या टेबलावरच्या दोन कामगारांनी एकमेकांची कॉलर धरली.

"माझी बोटं गेली तवा बातमी लागली व्हती, राव," तो म्हणाला. "आठ दिवसांत मशीनला ह्यो सेन्सर बसला. सायेब भ्यायचे."

"उद्या दाखवतील," मी म्हणालो.

"न्हाई दाखवायचे. ही दोघं आमच्याच प्रेसवर हायेत. सेन्सर चालू करा म्हणायला आता एकत्र येतील व्हय?"

त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. वाहिनीनं कुणालाच न दाखवलेलं त्याचं बोलणं साहेबांना मात्र मोबाइलवर पोहोचलं होतं.