गावाकडचं सेंटर

लोक शिकायला गाव सोडून शहरात येतात. मला पास व्हायला शहरातून गावाला पाठवलं.

वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर अण्णा मला गाडीत बसवून द्यायला आले होते. माझे वडील सहसा खाडा करणारे नव्हेत, पण त्या दिवशी चाकणच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट बुडवली होती. खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाले, "लेकरा, टेन्शन घ्यायचं नाही. काका आहेत तिथं. तू नुसतं जाऊन बस." वर्षभर घासलेल्या पोरीला बाप दहावीच्या परीक्षेला निघताना हे सांगत होता. गाडीत माणसं होती म्हणून मी "हो" म्हणाले. गाडी हलली, अण्णा बराच वेळ हात हलवत उभे राहिले आणि मी मान दुसरीकडं वळवली. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. गावात राहिलेल्या माझ्या चुलत भावंडांनो, आणि माझ्यासारखं इकडं येऊन काळेवाडीच्या एका खोलीत वाढलेल्यांनो, तुम्ही दोघांनीही वाचा. कुणाला गोड लागणार नाही, ते आधीच सांगते.

आमचं गाव मराठवाड्यातलं. नाव लिहीत नाही. जाऊ दे, गावाला बट्टा कशाला. मी लहान असतानाच अण्णा चाकणला आले, कंपनीजवळच्या निघोज्यात चार-सहा जणांबरोबर एका खोलीत राहिले. मी सातवीत गेले तेव्हा त्यांनी मला आणि मायला आणलं, पण निघोज्यात नाही, काळेवाडीत. कंपनी एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. बरोबरचे लोक हसायचे. अण्णा कंपनीच्या बसमध्ये बसून रोज जायचे-यायचे, कारण काळेवाडीतल्या एका शाळेत इंग्रजी चांगलं शिकवतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

इंग्रजी हा आमच्या घरचा दुखरा दात. काका, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, दहावीला इंग्रजीत उडाले. अण्णाही इंग्रजीतच उडाले, पुन्हा बसले, पुन्हा उडाले. आत्याला तर तिथवर जाऊच दिलं नाही. अण्णांच्या मागून कंपनीत आलेली पोरं परमनंट झाली आणि अण्णा दहावी नापास म्हणून कंत्राटातच राहिले. "इंग्रजी आपल्या घराला लागू पडत नाही," ते म्हणायचे. एखाद्याला अमुक गोळी चालत नाही म्हणतात ना, तितक्या सहज.

नववीत मी इंग्रजीत काठावर पास झाले. झालं. अण्णांच्या मनानं घेतलं की पोरीचीही तीच गत होणार. उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा काकांनी तोडगा काढला. गावच्या शाळेच्या संस्थेत त्यांची उठबस होती. "नाव आपल्या शाळेत टाकू," ते म्हणाले, "पोरीला राहू दे की तिकडंच. हजेरीचं मी बघतो. परीक्षेपुरतं धाडून द्या. आपल्या सेंटरला कुणी नापास होत नसतंय." मी म्हणाले, मला माझ्याच शाळेतून द्यायचीय. रडले, भांडले, जेवले नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "माझं झालं ते तुझं होऊ देणार नाही."

जूनमध्ये त्यांनी शाळेतून माझा दाखला काढला. कारण लिहिलं, कुटुंब गावी परत जात आहे. वर्गातल्या मुलींनी मला पेन भेट दिलं, एकीनं रडून घेतलं. आणि मी होते कुठं? दोन गल्ल्या पलीकडं, आमच्याच खोलीत. शाळा सुटायच्या वेळी बाहेर पडायचं नाही, असं मायनं बजावलं होतं. दुकानात जायचं तर ओढणी तोंडावर. एकदा चक्कीवर त्यातलीच एक मैत्रीण समोर आली, तर मी दळण तिथंच ठेवून मागच्या बोळातून पळाले. लोकांना गाव सुटल्याचं दुःख असतं. मी न सुटलेल्या गल्लीत चोरासारखी वर्षभर राहिले.

त्या वर्षात एकच जागा माझी होती, ती म्हणजे शैलाबाईंची वरच्या मजल्यावरची खोली. शैलाबाई मूळच्या काळेवाडीच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्या वावरात आता बिल्डिंगा उभ्या होत्या. इंग्रजी घेऊन बी. ए. केलेलं, पण बोलणं अस्सल गावचं. मायनं कुणाकडून तरी त्यांची शिकवणी शोधली होती. मी गावच्या शाळेतून परीक्षा देणार हे मायनं त्यांना सांगितलं नव्हतं, मलाही सांगू दिलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाईड काढून घेतलं. "पाठ करून आलीस तर घरी धाडीन. तुझं वडील कंपनीत हायेत न्हवं? तिथं विंग्रजीत काय आसंल ते आण." अण्णांनी रद्दीत निघालेले कागद आणले, मशीनजवळ लावायच्या सूचनांचे. आमचा अनसीन पॅसेज म्हणजे ते कागद. बाई त्यावर प्रश्न काढायच्या आणि मी उत्तरं लिहायची. पत्रलेखनाला पुस्तकातली सहल नाही. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, त्याची महापालिकेला तक्रार. पहिलं पत्र त्यांनी तांबडं करून टाकलं. दिवाळीपर्यंत तांबडं कमी झालं. जानेवारीत एकदा त्यांनी पेपर तपासून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुला कुनाची गरज न्हाई, बाय." त्या दिवशी घरी येताना मी ओढणी तोंडावर घ्यायची विसरले.

त्याच आठवड्यात अण्णांनी एक नवा कागद आणला. त्यांच्याच मशीनचा होता. मी तो त्यांना मराठीत सांगत गेले. गार्डची जाळी उघडण्याआधी काय करायचं, तांबडा दिवा लुकलुकला तर कुणाला बोलवायचं. माय भाकरी थापायची थांबली. अण्णा ऐकत राहिले, मग म्हणाले, "असं लिहिलंय होय." मी पुढं सरकले. म्हटलं, "अण्णा, अजून दाखला परत आणता येईल का हो? मी इथनं पास होईन." त्यांनी कागदाची घडी घातली. "हे कंपनीचं इंग्रजी झालं, लेकरा. परीक्षेचं वेगळं असतंय."

म्हणून मी मार्चमध्ये गावी गेले.

इंग्रजीच्या पेपरला गावच्या शाळेभोवती जत्रा होती. भिंतीवर पोरं, झाडावर पोरं, गेटाशी पोलीस, आणि पोलिसाला चहा पाजणारे लोक. पेपर वाटून थोडा वेळ झाला आणि खिडकीतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. मागच्या खोलीत कुणी मास्तर पेपर सोडवत बसले होते म्हणे. मी खाली मान घालून लिहीत होते. उतारा सोपा होता, शैलाबाईंचे याहून अवघड असायचे. पत्र तर हसत लिहिलं. एवढ्यात एक चिठ्ठी माझ्या बाकावर येऊन पडली. मी ती ढकलून दिली. वर्गावरचे सर जवळ आले, ती उचलून पुन्हा माझ्यापुढं ठेवली आणि प्रेमानं म्हणाले, "लिही गं, लाजायलीस कशाला? तुझ्या काकांनीच धाडलीय." मी नजर टाकली. उताऱ्याची दोन उत्तरं साफ चुकलेली होती. मी म्हणाले, "सर, मला नको." ते असे बघत राहिले, जसं काही मी लग्नाच्या पंगतीत ताट सारून उठले होते. मागच्या बाकावरच्या मुलीनं चिठ्ठी ओढून घेतली. तीन तास मी पेपर डाव्या हाताखाली झाकून लिहिला, कुणी आपल्यावर उपकार करू नयेत म्हणून.

निकाल लागला. इंग्रजीत मला त्र्याऐंशी, आणि बाकी वर्ग साठीच्या आसपास, सगळ्यांची उत्तरं सारखीच चुकलेली. आता तरी कळेल, असं मला वाटलं. काकांनी याचीही सोय लावली. गावभर सांगत सुटले की आपल्या पोरीला मी स्पेशल चिठ्ठी पाठवली होती, वेगळ्या मास्तरकडून लिहून घेतलेली. फोनवर हे ऐकून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाले. मी शेजारी उभी राहून "अण्णा, मी लिहिलाय, मी चिठ्ठी घेतलीच नाही," म्हणत होते. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मार्कलिस्ट घेऊन मी शैलाबाईंकडं पळाले. मला सगळ्या जगात त्यांचंच तोंड बघायचं होतं. त्यांनी मार्क बघितले, हसल्या, मग वरचं शाळेचं नाव वाचलं. त्यांचं हसू गेलं. "तिकडनं दिलीस व्हय परीक्षा?" मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, पण कागद माझ्या हातात परत देताना म्हणाल्या, "आगं, तुला येत व्हतं की. मंग कशाला गं?" त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यांना नुसतं वाईट वाटलं. मी जिना उतरले ती पुन्हा चढले नाही.

पुढं ताथवड्याच्या कॉलेजात ॲडमिशनला क्लार्कनं मार्कलिस्ट बघून शेजारच्याला कोपरानं खुणावलं, "बघ राव, तिकडचं सेंटर." असे पुष्कळ भेटले. त्यांना मी कामानं गप्प केलं. आज चाकणच्या एका कंपनीत परदेशी कस्टमरला जाणारी प्रत्येक मेल माझ्या हाताखालून जाते, आणि कुणी विचारत नाही की तुझं सेंटर कुठलं. बाहेरच्यांचं असं असतं, काम दाखवलं की विषय संपतो. घरच्यांना काय दाखवायचं, ते मला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी ताथवड्यात फ्लॅट घेतला आणि माय-अण्णांना काळेवाडीतून तिथं आणलं. वास्तुशांतीला गावाहून काका आले. पूजा झाल्यावर अण्णांनी त्यांना टॉवेल-टोपी, नारळ दिला, वाकून पाया पडले आणि माझ्या कंपनीतल्या लोकांसमोर म्हणाले, "हे सगळं दादांमुळं. त्या वेळी दादा नसते तर पोरगी आज कुठंतरी पॅकिंगला असती." काकांनी टोपी नीट केली. माझी मॅनेजर विचारू लागली की काकांनी काय केलं होतं. अण्णा नुसते हसले.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते. मोठ्या भावाचा मान ठेवायला बोलतात, आतून त्यांना ठाऊक असेल, मशीनचा कागद वाचून दाखवला होता तो विसरतील होय, असं. त्या दिवशी मला राहवलं नाही. मी अण्णांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं. मला फ्लॅटचं कौतुक नको होतं, पगाराचंही नको होतं. पोरीनं स्वतः लिहिला, एवढं एक वाक्य या माणसाच्या तोंडून मला हवं होतं. मी म्हणाले, "अण्णा, शेवटचं सांगते. तो पेपर माझा मी लिहिला होता. शैलाबाईंनी शिकवलं आणि मी लिहिला. काकांची चिठ्ठी मी घेतली नाही. आईशप्पथ."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आता त्यांचे केस पांढरे झालेत, ऐकायला कमी येतं, पण हे त्यांनी नीट ऐकलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"शाबास," म्हणाले. "कुणी विचारलं तर असंच सांगायचं. मीही कुणाला बोलणार नाही."

मी दार उघडलं. बाहेर पंगत बसली होती. मी काकांना वाढलं, अण्णांना वाढलं. घर कुठलं तुझं, असं मला अजूनही लोक विचारतात, गावातले आणि इकडचेही. घर म्हणजे ही माणसं. माझ्यासाठी काय वाट्टेल ते करतील. फक्त मला येत होतं, एवढं सोडून माझं सगळं त्यांना पटतं.