कऱ्हा आणि हेडफोन

"सनई टाक वरून," श्रीरंगदादा म्हणाले. "मंगलाष्टकं कोण ऐकतं? सगळ्यांचं लक्ष अक्षता टाकण्यात असतं."

मी हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चार सेकंद ऐकलं आणि परत दिले. आत नलूकाकूंचा आवाज होता, पण फाटलेला. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येतो तसा खरखरीत. तीन कडवी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. आणि ही चूक सर्वस्वी माझी होती.

२००५ सालची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहत होतो. चार वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढल्यावर मला एकदाचं वर्क परमिट मिळालं. नागपूरहून आणलेली कॉमर्सची डिग्री तिथे कोणी विचारत नव्हतं. श्रीरंगदादा टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये लग्न-मुंजींच्या व्हिडिओचा स्टुडिओ चालवायचे. त्यांना असिस्टंट हवी होती, आणि मला घराबाहेर पडायला कुठलंही दार चाललं असतं.

त्यांनी मला काम शिकवलं, हे मान्य करायलाच हवं. कॅमेऱ्यासमोर आधी पांढरा कागद धरायचा, म्हणजे या खोलीत पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला कळतं. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. तो चुकला तर नवरी काविळीची पेशंट दिसते. एडिटिंगमध्ये कुठे कापायचं, झुंबराच्या पिवळ्या उजेडात शालूचा हिरवा रंग हिरवाच कसा ठेवायचा, हे सगळं त्यांनी शेजारी बसवून दाखवलं. आवाजाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चित्र हललेलं लोक चालवून घेतात, आवाज बिघडलेला नाही. हेडफोन कानावरून काढायचा नाही." ते स्वतः मात्र शूटिंगच्या वेळी कानाला सेलफोन लावून असायचे.

नलूकाकूंच्या मुलीचं, ऋजुताचं, लग्न एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात होतं. काकू तिथल्या मराठी मंडळात गाणं शिकवायच्या. आमच्या भागातल्या निम्म्या पोरींनी त्यांच्याकडेच सा लावला होता. मी अमेरिकेत नवीन असताना दर शुक्रवारी डबा भरून पाठवणाऱ्या त्याच. लग्नाआधी आठ दिवस त्यांनी मला घरी बोलावलं. चहा दिला आणि समोर एक कागद ठेवला. त्यावर त्यांनी स्वतः रचलेली तीन कडवी होती. ऋजुताचा जन्म, तिचे वडील गेले ते वर्ष, आणि शेवटी आशीर्वाद.

"पुढच्या महिन्यात थायरॉइडचं ऑपरेशन आहे माझं," त्या म्हणाल्या. "आवाजाची नस तिथूनच जाते म्हणे. डॉक्टर गॅरंटी देत नाहीत. ऋजुताला सांगितलेलं नाही, लग्नात उगाच रडारड नको. तेव्हा एवढं एक नीट घे बाई. बाकी जेवणाच्या पंगती नाही आल्या तरी चालतील."

मी हो म्हणाले. शिवाय मी निघताना त्यांनी एक अट घातली. "ती कामावरची काळी पँट घालून येऊ नकोस. साडी नेस. तू घरचीच आहेस."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी साडी नेसून, त्यावर हेडफोन चढवून उभी होते. हॉटेलचा साउंडवाला केविन नावाचा भला माणूस होता. सगळे माइक त्याच्या मिक्सरमध्ये जाणार आणि तिथून एक केबल माझ्या कॅमेऱ्याला येणार, असं ठरलं. केबल देताना त्याने बजावलं की हा लाइन लेव्हलचा सिग्नल आहे, कॅमेऱ्याचं बटण बदलून घे.

इथे थोडं सांगायला हवं. माइकमधून येणारा सिग्नल अगदी अशक्त असतो, म्हणून कॅमेरा त्याला वाढवून घेतो. मिक्सरमधून येणारा आधीच धष्टपुष्ट असतो. कॅमेऱ्याला कोण आलंय ते कळत नाही. आपण बटण माइकवरून लाइनवर करून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो धष्टपुष्टालाही खुराक देतो आणि आवाज फाटतो. तसा रेकॉर्ड झालेला आवाज पुन्हा शिवून देणारा शिंपी अजून जन्माला आलेला नाही.

बटण कॅमेऱ्याच्या मागे, केबलच्या खाली होतं. निऱ्या सावरत मी वाकले तेवढ्यात खांद्यावर हात पडला. नलूकाकू होत्या. ऋजुता एकुलती एक. करवली म्हणून उभी राहणारी मावसबहीण शिकागोच्या एअरपोर्टवर अडकली होती. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला होता, नवरीच्या मागे मामा उभा होता, पण शेजारी पाण्याचा कऱ्हा घेऊन उभं राहायला कोणी नव्हतं.

"तूच चल," काकू म्हणाल्या. "आणि ते कानावरचं काढ. फोटोत काय दिसेल?"

मी कामावर आहे, दुसरं कोणी बघा, असं मी म्हणायला हवं होतं. परक्या गिऱ्हाइकाला म्हटलंही असतं. पण शुक्रवारचे डबे आठवले. शिवाय खरं सांगायचं तर बरंही वाटलं. चार वर्षांत त्या देशात मला कोणी कुठल्याही कार्यात मानानं उभं केलं नव्हतं. मी कॅमेरा ट्रायपॉडवर सुरू ठेवला, हेडफोन खुर्चीवर ठेवले आणि कऱ्हा हातात घेतला.

काकू माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. कागद हातात होता, पण त्यांनी तो बघितला नाही. दुसऱ्या कडव्याला हॉल गप्प झाला. एरवी मंगलाष्टकं चालू असताना लोक पार्किंगबद्दल बोलतात. मी रडत होते, मामा रडत होता. "सावधान" झालं, अक्षता पडल्या, सनई वाजली. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलं ना गं नीट?"

"एकदम मस्त आलं, काकू," मी म्हणाले. तपासून बघायला फक्त टेप मागे घ्यायची होती. पण त्यानंतर सप्तपदी होती, मग विहिणीची पंगत, आणि हेडफोन खुर्चीवरच राहिले. बटण माइकवरच होतं हे मला शेवटी केबल सोडवताना दिसलं. तरी स्वतःला म्हटलं, इतकं काही वाईट नसेल.

ते किती वाईट होतं ते सोमवारी एडिटिंगला बसल्यावर कळलं. श्रीरंगदादांच्या कॅमेऱ्यावर काही मिळेल म्हणून त्यांची टेप लावली. त्यांनी वऱ्हाडाच्या बाजूने शूटिंग केलं होतं. लांबून काकूंचा आवाज पुसट येत होता, आणि त्यावर जवळून, अगदी स्वच्छ, श्रीरंगदादांचा. ते फोनवर कुणाला तरी पुढच्या महिन्याची तारीख देत होते.

मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. काकूंना आहे तेच ऐकवू, काय झालं ते सांगू, असंही म्हणाले.

"आवाज जाऊ शकतो, एवढंच म्हणाले ना डॉक्टर? जाईलच असं नाही," दादा म्हणाले. "आणि फाटका आवाज गिऱ्हाइकाला दाखवला की हर्नडनभर होईल. तुझंच नाव खराब होईल, शुभांगी."

मला माझ्या नावाची भीती वाटली. हे मी आज लिहू शकते, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मी सनई टाकली. सनई टाकली की पडद्यावर कोणाचे ओठ हलताना दिसून चालत नाही, म्हणून काकूंचा शॉटही कापला. त्या जागी अक्षता भरलेल्या मुठी, मामाचे डोळे, झुंबर, असं लावत गेले. तीन कडव्यांत काकू शेवटी दोन सेकंद उरल्या, त्याही पाठमोऱ्या. रंगांवर मात्र दोन दिवस घालवले. शालू असा हिरवागार आला की दादांनी तो तुकडा नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला वेगळा काढून ठेवला.

डीव्हीडी बघून ऋजुताचा फोन आला. सो ब्यूटिफुल, म्हणाली, एकदम मूव्हीसारखं. आईच्या ऑपरेशनचं तिला अजून काही ठाऊकच नव्हतं. काकूंचा फोन आला नाही. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने शाळेचा कॅफेटेरिया घेतला होता. नलूकाकू वाण वाटत होत्या. गळ्याला स्कार्फ होता. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज म्हणजे नुसती हवा, कान जवळ न्यावा लागला.

"माझं म्हणणं काढून टाकलंस," त्या म्हणाल्या. "वाईट झालं होतं का?"

"नाही काकू. तुम्ही फार सुंदर म्हटलंत. रेकॉर्डिंग बिघडलं. माझ्याकडून."

 रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग ते बिघडलेलंच दे," त्या म्हणाल्या. "कसंही असू दे. ऋजुताला आता सगळं कळलंय. तिला ऐकायचंय. मलाही."

स्टुडिओत रिवाज असा होता की डीव्हीडी दिली, तक्रार आली नाही, की महिन्याभरात टेप पुन्हा वापरायची. कॉम्प्युटरवरून फाइल्स तर लगेच उडवायचो, जागाच नसायची. काकूंची टेप मीच डिसेंबरात एका वाढदिवसाला कॅमेऱ्यात घातली होती. लेबल मीच खरवडलं होतं. दादांची टेपही त्याच खोक्यातून गेली होती. म्हणजे पुसट आवाजही नाही, फाटकाही नाही. मी तिथेच, कॅफेटेरियाच्या घडीच्या टेबलापाशी, काकूंना हे सांगितलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या हातात वाण ठेवलं, एक छोटी स्टीलची वाटी होती, आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

दोन महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. "एवढ्यातेवढ्यावरून कोणी जॉब सोडतं का यार?" दादा म्हणाले. त्यांनी ते खरंच विचारलं होतं.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकाला फिल्म देताना मी मूळ टेपही देते, बरी असो वा वाईट. काय ठेवण्याजोगं आहे हे एडिटरला कळतं, हा समज मी टाकून दिला. शूटिंगच्या वेळी मी काळी पँट घालते, हेडफोन काढत नाही, आणि कोणी कऱ्हा धरायला बोलावलं तर नाही म्हणते. बायका म्हणतात, शुभांगी घरच्यासारखी वागत नाही. बरोबर आहे. नलूकाकूंकडे मी घरच्यासारखी वागले होते.