घोट्याला बांधलेला फुगा

संघभावना वाढावी म्हणून ऑफिसच्या कार्यशाळेत प्रत्येकाच्या घोट्याला फुगा बांधला होता. आपला जपायचा, दुसऱ्याचा पायाने फोडायचा. शिट्टी वाजताच एरवी शांत असणारे सावंत थेट साहेबांवर धावले. मुलीच्या लग्नासाठी मागितलेली रजा साहेबांनी कालच नाकारली होती. फुगा पहिल्याच लाथेत फुटला; सावंतांचा बूट मात्र थांबेना.

"अहो सावंत, फुगा केव्हाच फुटला! हा माझा पाय आहे!"

"हो का साहेब? गडबडीत कळलंच नाही."

बैठकांत आपण किती अदबीने बोलतो! एवढा राग माणसं कुठे ठेवतात, हे त्या बुटाकडे बघताना कळलं.

जेवणानंतरचा विषय होता 'मोकळा संवाद'. साहेब लंगडत आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "सावंत, रजा किती दिवसांची हवी होती?"