रिकामं पिंप

वीज गेली, की मला अजून आमचा रॉकेलवाला आठवतो. पिंपाची हातगाडी ढकलत, पिंपावर माप वाजवत तो आमच्या आर्वीच्या गल्लीत यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. तेल ओतून झालं, की शेवटचा थेंब पडेपर्यंत तो माप डब्यावर उपडं धरून उभा राहायचा. आई करवादायची. तो म्हणायचा, "थेंब बी लय दुरून आला, बाई. त्याले निवांत उतरू द्या."

आखातात लढाई पेटली त्या हिवाळ्यात एका सकाळी पिंप पोकळ वाजलं. आई डबा घेऊन धावली.

"आज तेल नाई आलं," तो म्हणाला.

"मग तुमी काऊन आले, भाऊ?"

"तुमी वाट पाहून राह्यल्या असान, म्हणून सांगाले आलो."

मग धुक्यात कुठंतरी बघत तो म्हणाला, "तिकडं तेलाच्या विहिरीच जळून राह्यल्या म्हणे. त्यायच्या घरी आता दिवा कशानं लावत असतीन?"

त्यानं सवयीनं कोरडं माप डब्यावर उपडं धरलं. आणि माझी सदा घाईतली आई डबा धरून तशीच उभी राहिली.