मंगळवार पेठेतला डंक आणि एक व्हिडिओ

“शोभाक्का, तुमची पावणी बोलत न्हाय व्हय?”

“बोलती की. पुण्याची हाय. सवडीनं बोलती.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी दोघींपासून हातभर अंतरावर, खांद्याला पिशवी लावून उभी होते, आणि आवाज खाली आणावा असं दोघींनाही वाटलं नव्हतं. नमस्कार तरी करावा म्हणून मी तोंड उघडलं आणि शिंकले. मग थांबताच येईना. मिरचीची पोती घेऊन बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यातली एक समाधानानं म्हणाली, “आवाज हाय की.”

पुण्याहून सकाळच्या बसनं निघून मी दुपारी कोल्हापुरात पोहोचले होते. स्टँडवर रिक्षात बसताना मंगळवार पेठ एवढंच सांगितलं. पुढचा पत्ता फोनवर दाखवला. गल्लीच्या तोंडाशीच रिक्षावाल्यानं रुमाल नाकाला लावला. “इथनं पुढं वासावर जा पावणं,” म्हणाला. खरंच वासावर पोहोचले.

डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. ओळीनं उभी लोखंडी मुसळं मोटारीवर वर जातात आणि धाडकन खाली येतात. उन्हाळ्यात इथे घरोघरच्या बायका वर्षाची चटणी करायला येतात. चटणी म्हणजे आपली ओली चटणी नव्हे, तर कांदा-लसूण घातलेला लाल मसाला. तो इथे भाजीत, आमटीत, भाकरीवर, सगळीकडे असतो. प्रत्येकीची मिरची वेगळी, प्रमाण वेगळं, म्हणून प्रत्येक जण आपला घाणा (एका वेळी कुटायचा माल) संपेपर्यंत तिथून हलत नाही.

शोभामावशी माझ्या आईची शाळेतली मैत्रीण. हा डंक तिचा. पण मिरचीचा हंगाम सरला की तो जवळजवळ मुकाच असतो, आणि दत्ताकाका, म्हणजे तिचे यजमान, यंदा गाळा भाड्यानं द्यायचं म्हणत होते. एक मोबाइलवाला मागे लागला होता. मावशीनं पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. स्वतः केलेली चटणी पार्सलनं बाहेरगावी पाठवायची आणि डंक बारा महिने चालता ठेवायचा, असा तिचा बेत. त्यासाठी व्हिडिओ हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं.

मी लहान दुकानांसाठी मोबाइलवर व्हिडिओ करून देते. हे काम मला आवडतं, कारण त्यात कॅमेऱ्याच्या मागं राहता येतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलते, पण परक्या माणसासमोर प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात.

“व्हिडिओनं चटणी खपत न्हाय,” काका जेवताना म्हणाले. “चटणी जिभेनं खपती.”

“मग माझी जीभ हाय की,” मावशी म्हणाली आणि माझ्या ताटात तांबडा रस्सा ओतला. मी नको म्हणायचं वाक्य जुळवत होते. तोवर पांढराही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रीकरण ठरलं होतं. मी डंकावर गेले आणि दारातच थबकले. मावशीनं मोरपंखी रेशमी साडी नेसली होती, गजरा माळला होता. फरशी धुतली होती. गिऱ्हाइकांना दुपारी या म्हणून परत पाठवलं होतं. मुसळं थांबवून त्यांच्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला होता.

“आवाज नको मधे,” ती म्हणाली. “आन् घाण बी दिसाय नको. लोकं बघणार.”

मला सांगायचं होतं की लोकांना तेच बघायचं असतं. सांगितलं नाही. फोन स्टँडवर लावला, बोट दाखवलं. मावशीनं श्वास घेतला आणि जी बाई काल दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसाशी इथून बोलत होती, ती जणू रेडिओवरच्या बातम्या देऊ लागली.

“सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या येथे शुद्ध व दर्जेदार मसाला उत्पादित केला जातो. तरी आपण एकवार सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच, फक्त ‘नम्र’च्या आधी ‘अत्यंत’ आलं. घामानं कुंकू ओघळलं. शेवटी तिनं विचारलं, “कसं झालं गं?”

“छान,” मी म्हणाले. त्या सकाळी मी बोललेला हा एकमेव शब्द, आणि तोही खरा नव्हता.

काकांनी व्हिडिओ बघितला आणि फोन परत दिला. “ग्रामपंचायतीची नोटीस वाचल्यागत वाटतंय,” म्हणाले. मावशी हसली नाही. आत जाऊन साडी बदलून आली आणि बराच वेळ मिरच्यांची देठं खुडत बसली.

दुपारी ती मला मार्केट यार्डात घेऊन गेली. मिरच्यांचे ढीग माणसाच्या उंचीचे, आणि हवा अशी की डोळे आपोआप वाहतात. ब्याडगी मिरची सुरकुतलेली, गडद. संकेश्वरी लांबट, तिखट. सीमेपलीकडून माल येतो, त्यामुळे व्यापारीही अर्धं बोलणं कानडीत करत होता.

“अक्का, हा एक नंबर माल,” तो म्हणाला.

“एक नंबर?” मावशीनं मूठभर मिरच्या उचलून त्याच्या नाकाखाली धरल्या. “पाणी मारलंय ह्याला. वाजवून बघ. वाळकी मिरची खुळखुळती, ही गप बसलीया. मला शिकवतोस व्हय? तुझ्या बापाकडनं मिरची न्हेत होतो मी, तवा तू ह्या पोत्यावर झोपायचास.”

(इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी नेतो, मी गेलतो’ असं म्हणतात. पहिल्या दिवशी दचकायला होतं. दुसऱ्या दिवशी आपलंच बोलणं मिळमिळीत वाटायला लागतं.)

आजूबाजूचे हमाल काम थांबवून ऐकत होते. व्यापारी हसत दुसरं पोतं उघडत होता. माझा फोन पिशवीत तळाशी होता. तो काढून रोखला, आणि मावशीची नजर त्यावर पडली. “तरी आपण चांगल्या प्रतीचा माल द्यावा,” ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही गंगावेशीजवळ दूध कट्ट्यावर गेलो. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध तिथेच ग्लासात देतात. मी दोन घोटांत थांबले. “पुण्यात पिशवीतनं येतंय न्हवं?” गवळी म्हणाला. “मग जड जाणार.” मावशी म्हणाली, “तिला काय बोलू नकोस रे. गुणाची हाय.” फेसाची मिशी पुसत तिनं पुढं हळूच विचारलं, “मला जमायचं न्हाय व्हय गं ते?”

इतक्या हळू तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी दोन्ही ग्लास गवळ्याला परत दिले. पण रात्री अंथरुणावर यार्डातला प्रसंग आठवत राहिले. मावशी लोकांना सांगायला लागली की आखडत होती. कुणी समोरून चुकीचं बोललं की तिला अडवणं अवघड होतं. म्हणजे कुणीतरी समोरून चुकीचं बोलायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, बसच्या आधी, मी एकटीच डंकावर गेले. टेबलक्लॉथ नव्हता. मुसळं धडधडत होती, बायका पदर नाकाला लावून आपापल्या घाण्यावर लक्ष ठेवून होत्या, मावशी जुन्या साडीत, कोपरापर्यंत लाल. मी फोन धरला. तिची मान ताठ झाली. “सर्वांना सप्रेम...” तिनं सुरुवात केली.

“मावशी,” मी म्हणाले. मुसळांवरून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणावं लागलं. “आम्ही पुण्यात पाकिटातलं तिखट वापरतो. काही फरक पडत नाही.”

पदराआडचे सगळे डोळे माझ्याकडे वळले.

“काय म्हणालीस?” मावशी उठली. “फरक न्हाय? ये हिकडं. हात घाल ह्यात. ही ब्याडगी, रंगाला. ही संकेश्वरी, ठसक्याला. तुझ्या पाकिटाला ठसका लागतो व्हय कधी? नुसतं तांबडं असतंय. वीट कुटली तरी तांबडीच दिसती की. कांदा उन्हात वाळवायचा, तेलात परतायचा, खोबरं भाजायचं, लसूण सोलून सोलून बोटं पोळत्यात. हे तो पाकिटवाला करतोय तुझ्यासाठी? कोण लागून गेलीस तू त्याची?” मागून कुणीतरी शिंकलं. “बघ, खरं हाय म्हणून शिंकली. पत्ता दे. पार्सल पाठवतो. खा. मग बोल.”

मग तिला फोन पुन्हा दिसला, अजून चालूच. ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. डंकावरची प्रत्येक बाई हसत आणि शिंकत होती.

परतीच्या बसमध्ये व्हिडिओ कापायला बसले. इअरफोन कानात घातले आणि लगेच काढले; त्यांच्यावर मिरची बसली होती, कान पेटला. म्हणून आवाज बारीक करून तसंच ऐकत होते. पहिल्यांदा माझं वाक्य काढून टाकलं. माझा आवाज लोकांनी ऐकावा असं मला कधीच वाटलेलं नाही. पण त्याच्याशिवाय मावशी उगाचच कुणावर तरी ओरडणारी बाई वाटत होती. वाक्य परत जोडलं. पुन्हा काढलं.  तीन दिवस मी जिला फक्त ‘छान’ म्हणू शकले, तिचा डंक त्या एका वाक्यावर चालणार होता. ते परत जोडलं आणि तसंच ठेवलं.

शेजारी कागलकडची एक काकू बसली होती, लेकीकडे निघालेली. कराड मागे पडेपर्यंत तिनं सगळे प्रकार माझ्या खांद्यावरून ऐकले होते. मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

“ह्योच ठेवा,” ती म्हणाली. “बाई लई भारी बोलती. माझ्या लेकीला बी पाकिटाचीच सवय लागलीया.” मग पडद्याकडे बोट केलं. “पर ती मागनं बोलणारी कोण हाय ओ, शानी? काय फरक पडत न्हाय म्हणती.”

मी वाक्य जुळवायला थांबले नाही.

“मीच ती,” मी म्हणाले. “मावशींचा नंबर देऊ तुमच्या लेकीसाठी?”