पडद्यावरचं माझं वाक्य

पडद्यावर माझं वाक्य होतं. मराठीत, आणि खाली इंग्रजीत.

‘पोटातली चूलच कुणी उपसून नेल्यागत झालंय.’

साताऱ्यातल्या एका हॉटेलचा हॉल. डॉक्टर, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली. मी मागच्या भिंतीशी, वाटायच्या फायली छातीशी धरून. मॅडम माईकवर बोलत होत्या.

“इंग्लिशमध्ये दुःखाच्या किती छटा आहेत बघा. सॅड, लो, ग्लूमी, मिझरेबल, मेलन्कली, ग्रीफ. आणि ही ग्रामीण स्त्री. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. काय वाटतं विचारलं, तर चूल सांगते.”

लोक हसले. मोठ्यानं नाही. चांगल्या घरातली माणसं हसतात तसं, ओठ मिटून.

ती ग्रामीण स्त्री म्हणजे मी.

पडद्यावर नाव नव्हतं. वय आणि कडेगाव तालुका, एवढंच. पण पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ती आता बरी आहे का? मॅडमनी मागं माझ्याकडं बोट केलं. “इथंच आहे की. माझ्याकडेच काम करते. मी तिला शब्द शिकवलेत. सांग गं, आता कसं वाटतंय? इंग्लिशमध्ये सांग.”

सगळा हॉल वळला.

मी म्हणाले, “फाइन, मॅडम.”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून अंगावर येतात. कारण मी गप्प राहू शकले असते. राहिले नाही.

सांगलीत विश्रामबागला मॅडमचं समुपदेशन केंद्र आहे. चार वर्षं मी तिथं दारातल्या टेबलावर होते. नंबर लावायचा, फॉर्म भरून घ्यायचा. पण खरं काम आत होतं. मॅडम इंग्रजी शाळेत शिकलेल्या, परदेशात राहून आलेल्या. गावाकडची माणसं काय बोलतात ते त्यांना कळायचं नाही. मग मी शेजारी बसून सांगायची.

एक मावशी यायच्या. मुलगा मिलिटरीत. म्हणायच्या, “त्यो गेल्यापासनं करमत न्हाई बाई. घास गळ्याखाली उतरंना.” मॅडम माझ्याकडं बघायच्या. मी समजावून सांगायची. त्या वहीत एक शब्द लिहायच्या. लो.

कोयनानगरचे एक आजोबा म्हणाले, “सारखं भुई हालंल असं वाटतंय.” मॅडमनी लिहिलं, अँग्झायटी. मी म्हटलं, “मॅडम, त्यांच्याकडं भुई खरंच हालते.” त्या हसल्या. शब्द खोडला नाही.

तरी मला त्या शब्दांची ओढ लागली. मी बारावी झालेली. रोज एक शब्द विचारायची, घरी भाकरी थापताना घोकायची. वाटायचं, नेमका इंग्रजी शब्द सापडला की माणसाचं दुखणं साहेबलोकांना कळतं.

मग माझं मूल गेलं. घरात सगळे एकच म्हणायचे, “दुसरं व्हईल की.” कामावर परत आले त्या दिवशी मॅडमनी दार लावलं. माझा हात हातात घेतला. फोन टेबलावर पालथा ठेवला. “मनात असेल ते बोल. या खोलीबाहेर जाणार नाही.”

मी तासभर बोलले. जन्मात कुणापुढं बोलले नव्हते तेवढं. त्या डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आई असती तर अशीच बसली असती.

उठताना त्यांनी फॉर्म पुढं केला. “फॉर्मॅलिटी गं.” मी सही केली. वाचला नाही. तोच फॉर्म मी कितीतरी बायकांपुढं सरकवला होता. “औषधपाण्याचं हाय मावशी, करा सही.” मला तसंच सांगितलं होतं.

पालथा फोन रेकॉर्डिंगला चालू होता, हे मला हॉलमध्ये कळलं. माझं वाक्य शब्दाला शब्द होतं.

परत येताना गाडीत मी विचारलं. “मॅडम, तुमी म्हणाला होता बाहेर जाणार न्हाई.”

“अगं, नाव घेतलं का तुझं? उलट कौतुक झालं. पुस्तकातही घेतेय मी ते. आणि सही केलीयस ना तू?”

मग त्यांनी फोन कानाला लावला. सांगली येईपर्यंत बोलत राहिल्या. दुसऱ्याच कुणाशी, दुसऱ्याच कशाबद्दल.

सोमवारी मी टेबलावर बसले आणि तो इंग्रजी फॉर्म वाचायला घेतला. अडेल तो शब्द मोबाईलवर बघून. आवाज रेकॉर्ड करणं. अभ्यास. छपाई. औषधाचं एक अक्षर नव्हतं.

तेवढ्यात मुलगा मिलिटरीत असलेल्या त्या मावशी आल्या. दरवर्षी नवा फॉर्म लागायचा. त्यांनी सवयीनं पेन उचललं. मी त्यांचा हात धरला.

“सही करू नका मावशी. तुमी आत बोलताय ते पुस्तकात छापायचं, असं लिवलंय ह्यात.”

मावशींनी पेन खाली ठेवलं. “माझ्या ल्योकाचं बी?”

“व्हय.”

मॅडम बाहेर आल्या. आधी फॉर्मकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज मऊच होता. “तू सध्या लो आहेस. मला कळतंय ते. आठ दिवस रजा घे, घरी पड जरा.”

मला त्या क्षणी सगळं समजलं. हा शब्द माझ्यासाठी नव्हताच कधी. माझं तोंड बंद करायला होता.

“मी लो न्हाई, मॅडम. तुमी मला फसवलंय.”

मराठीतच बोलले. त्यांना पहिल्यांदा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

काम सुटलं. माझं बोलणं छापायचं नाही, असं लेखी दिलं आणि पोचही घेतली. आता ज्यांच्या सह्या माझ्या हातून झाल्या त्या बायकांच्या घरी जातेय. प्रत्येकीला आधी हेच सांगते, की मीही खोटं बोलले, न वाचता बोलले. मग सही माघारी घेतल्याचा कागद लिहून देते.

कडेगावात एकीनं तोंडावर दार लावलं. “तूच म्हणलीस की, करा सही,” आतनं म्हणाली.

खरंच होतं. मी पायरी उतरले.

मी परत जाणार आहे. ती शिव्या देईल, ऐकून घेईन. तिची सही माघारी मिळेपर्यंत जात राहणार.