आठ हजार पंच्याऐंशीवर कोन ऐकून राहिला?

वासुदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याला, आमच्या रुग्णालयातल्या सर्व्हरच्या खोलीत होते. "सुषमा, गेले वो हे..." कामठ्याहून वहिनी बोलत होत्या. दोन महिने आजारीच होते भाऊ. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. काय हा मूर्खपणा! बरं काय म्हणायचं त्यात?

रुग्णालयाचे संगणक इतकी वर्षं भाऊच सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली शिकले. पोर्ट म्हणजे काय ते आधी मला कळेचना. मी आपली म्हणायची, सर्व्हरची भोकं. भाऊ वैतागत. "अवो बाप्पा, भोक नाही! उघडा पोर्ट म्हंजे मांगं कोनीतरी कान देऊन बसला हाये." पडद्यावर यादी काढली की ओळीओळीला 'लिसन' लिहिलेलं असे. भाऊ नंबरावर बोट ठेवून विचारत, "इथं कोन ऐकून राहिला? आन् कायले?" त्या 'कायले'चं उत्तर देता आलं नाही, की पोर्ट बंद! एवढ्यावर त्यांचं भागत नसे. मग बाहेरच्या संगणकावरून एकेक पोर्ट ठोठावून बघायला लावत, कारण फायरवॉल कोणाला अडवते आणि कोणाला आत सोडते, ते बाहेरूनच कळतं.

एकदा दवनीवाड्याच्या घरून काम करताना मी नको तो शहाणपणा केला. फालतू पोर्ट बंद करता करता बावीस नंबरही बंद केला, ज्यातून मी स्वतः आत शिरले होते तोच! सर्व्हर धडधाकट, आणि मी बाहेर. भाऊ कामठ्याहून गाडी हाणत तिरोड्याला गेले, तिथल्या कीबोर्डवरून तो उघडला आणि मला फोन लावला. "काऊन वो, घराबाहेर उभी राहून आतून कडी लावली का तू?" असे खदखदून हसले की मी रडायचंच विसरले.

भाऊ गेल्यावर पंधरा दिवसांनी सगळं माझ्या गळ्यात पडलं. पेशंटचे रिपोर्ट त्याच सर्व्हरवर, आणि पोर्ट तपासून सही मलाच करायची होती. यादी काढली. चार ओळी ओळखीच्या. पाचवी, आठ हजार पंच्याऐंशी, कधी न पाहिलेली. कोणी घुसलं असेल तर? तो पोर्ट कोणाच्या नावाने चालू आहे ते पाहिलं, तर नाव निघालं वासुदेव.

रुग्णालयाच्या आतूनच दिसणारं एक साधं पान होतं ते. त्यावर प्रत्येक पोर्टचा नंबर, आणि पुढे भाऊंच्या बोलीत त्याचं कारण. मी दर खेपेला फोन करून जे विचारायचे, ते सगळं. तारीख आजारपणातली होती, आणि मला चकार शब्द बोलले नव्हते. शेवटची ओळ अशी: "८०८५, हे पान. सुषमाले पाठ झालं का बंद करजो."

मी पडद्याकडे पाठ केली आणि मोठ्याने म्हणत गेले... चारही नंबर, चारही कारणं. एकही चुकलं नाही. मग पान बंद केलं, यादी पुन्हा काढली. चारच ओळी आल्या.

पाठ झालं हो भाऊ. पण एवढ्यात व्हायला नको होतं.